मैदानावरच्या प्रस्तावित पोलीस ठाण्याबाबत नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

शाळेमागच्या जागेवरचे खेळाच्या मैदानाचे आरक्षण उठवून तिथे पोलीस ठाणे आणि कर्मचारी निवासस्थाने बांधायचा प्रस्ताव नगरपरिषदेने पुढे आणला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली तशी नोटीस निघाली आहे. नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत हरकती-सूचना द्यायच्या, मग सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला. फाइल एकदा मंत्रालयात गेली की इथून काही हलवणे कठीण, म्हणून ही घाई.

समितीचा पोलीस ठाण्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. सध्याचे ठाणे भाड्याच्या जुन्या इमारतीत आहे. पावसाळ्यात ठाणे अंमलदार डायरीवर प्लॅस्टिक पांघरून बसतात आणि तक्रार द्यायला आलेल्या बाईला चार लोकांच्या देखत सगळे सांगावे लागते. नवे ठाणे हवेच. आमचे म्हणणे एवढेच की जागेची पडताळणी नीट व्हावी.

नोटिशीसोबतचा नकाशा आम्ही पाहिला. लॉकअप, मुद्देमाल खोली, निवासस्थाने, अधिकाऱ्यांच्या गाड्यांचे पार्किंग, सगळे दाखवले आहे. जप्त वाहनांना मात्र कुठेच जागा नाही. कुठल्याही ठाण्यासमोर उभे राहून बघा: दुचाकींची रांग, चाके जमिनीला टेकलेली, फाटक्या सीटमधून गवत वर आलेले, टाकीवर रंगाने लिहिलेला गुन्हा क्रमांक. अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत, पंचनामा करून, फोटो काढून, हमी घेऊन सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये आता विल्हेवाटीसाठी मुदतीही आहेत. तरी वाहने साठतातच. नकाशात त्यांना जागा नसेल, तर ती शाळेच्या रस्त्यावर येणार. शाळा सुटते तेव्हा तिथून रिक्षा निघत नाही. रात्री-अपरात्री निघणारी पोलीस गाडी कशी निघेल, हा प्रश्न पोलिसांच्याही सोयीचा आहे.

दुसरी जागा आहे. जकात बंद झाल्यापासून नाक्याची जागा मोठ्या रस्त्याला लागून नुसती पडून आहे. तिचा विचार केला होता का आणि नाकारली असेल तर कशासाठी, याची नोंद आम्हाला दाखवलेल्या कागदांत नाही. ती नोंद आधी फाइलीत यावी, ही आमची मुख्य मागणी.

आता तुमच्याकडून काय हवे ते. पहिले म्हणजे हरकत, लेखी आणि स्वतःच्या शब्दांत. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्यांचा गठ्ठा दिला की तो एकच मुद्दा म्हणून निकाली निघतो. घर स्वतःचे असण्याची गरज नाही. कायद्याने कोणालाही हरकत देता येते, तेव्हा भाडेकरूंनी मागे राहू नये. शेवटी ‘मला सुनावणीत म्हणणे मांडायचे आहे’ हे वाक्य लिहा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहिती अधिकारात अर्ज टाकून वाट पाहणाऱ्यांना एक सूचना: उत्तराला 30 दिवस मिळतात आणि आपली मुदतही साधारण तेवढीच आहे. तोवर नकाशा कार्यालयात जाऊन पाहून घ्या.

दुसरे, माणसे. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावरची वाहने मोजायला कॉलेजची मुले-मुली हवीत. एखादे निवृत्त पोलीस अधिकारी ठाण्याला खरोखर किती जागा लागते हे सांगायला पुढे आले, तर सुनावणीत त्यांच्या शब्दाला आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त वजन येईल.

तिसरे, पैसे. दोन्ही जागांचा मोजमापासह तुलनात्मक नकाशा खासगी सर्वेक्षकाकडून करून घ्यायचा आहे. शिवाय प्रमाणित प्रती आणि छपाई आहे. जमेल तेवढे द्या, पण पावती घ्या. राजकीय पक्षांकडून किंवा आसपासच्या बिल्डरांकडून समिती एक रुपयाही घेणार नाही. हिशेब वाचनालयाच्या फलकावर लागेल आणि काही शिल्लक राहिलेच, तर देणगीदारांना विचारूनच पुढचे ठरेल.

रोज संध्याकाळी वाचनालयाच्या पडवीत समितीचे टेबल असते. हरकत लिहिताना अडचण आली तर तिथे या. कोरे कागद आणि नोटिशीची प्रत ठेवलेली आहे.

– नागरिक समितीतर्फे