डाउनहिल सायकलला एकच गिअर : चेन कापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत सायकलींविषयी जो मजकूर येतो, तो बहुतेक रस्त्यावरच्या सायकलींचा असतो. डोंगरउतारावरच्या खडकांतून खाली येण्यासाठी बनवलेल्या, पुढे-मागे सुमारे २०० मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन असलेल्या डाउनहिल सायकली आता खारघर, बेलापूर आणि ठाण्यातही दिसू लागल्या आहेत. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच जुन्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेल्या आहेत. अशा सायकलीचे गिअर काढून एकच गिअर ठेवण्याचा विचार अनेक तरुण करतात. तो विचार मला पटतो. मात्र ज्या पद्धतीने हे काम उरकले जाते, त्यात सायकलीचे नुकसान आहे आणि चालवणाऱ्याला इजा होण्याचा धोकाही आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विचार पटण्याचे कारण आपल्याकडच्या जमिनीत आणि हवेत आहे. पारसिकचा डोंगर काय किंवा खारघरची टेकडी काय, सगळा काळा बेसॉल्ट. मागच्या चाकाशी लोंबणारा, गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर अशा दगडावर एकदा आपटला, की तो ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती हँगरची मऊ अॅल्युमिनियमची पट्टी वाकते आणि ती सरळ करेपर्यंत किंवा बदलेपर्यंत गिअर नीट पडत नाहीत. जून ते सप्टेंबर चिखल कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, फटींमध्ये दाबून बसतो, केबलच्या नळीत रेती शिरते, आणि खाडीकाठच्या दमट हवेने उरलेले काम पूर्ण होते. कॅसेट, डिरेलर, शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि केबल काढल्या की अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते. त्यातला मोठा भाग मागच्या चाकाजवळचा असल्यामुळे खडबडीत उतारावर चाक जमिनीला अधिक नीट धरून राहते.

उतारावर गिअर किती लागतात, याचे उत्तर शर्यतींनी दिलेले आहे. २०१४ साली नॉर्वेतील हाफिएलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नीको मुलाली याची चेन सुरुवातीलाच तुटली, तरी तो चौथा आला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातील लिओगांगच्या विश्वचषक फेरीत आरोन ग्विन याने चेन तुटलेल्या सायकलीवर शर्यत जिंकली. तिथले उतार लांब आणि तीव्र आहेत. आपल्याकडच्या वाटा आखूड, मधेच सपाट होणाऱ्या आणि पुन्हा थोडे चढायला लावणाऱ्या. त्यामुळे चेनशिवाय आपले भागणार नाही, पण एका नीट निवडलेल्या गिअरवर नक्की भागते.

आता मुख्य मुद्दा. साध्या सायकलीत पेडलचा आस आणि मागच्या चाकाचा आस यांतले अंतर कायम असते, म्हणून चेन ताणून बसवली की काम होते. डाउनहिल सायकलीत मागचे चाक एका खुंटीभोवती वर-खाली फिरते. ही खुंटी बहुतेक फ्रेममध्ये पेडलच्या आसाच्या वर कुठेतरी असते, त्यामुळे सस्पेन्शन दबताना चाक वर जाते तसे थोडे मागेही सरकते आणि दोन आसांतले अंतर वाढते. काही फ्रेममध्ये ही वाढ दोन सेंटिमीटरच्या पुढे जाते. गिअरच्या सायकलीत ही वाढीव लांबी डिरेलरचा स्प्रिंगवरचा हात सोडत आणि गोळा करत असतो. डिरेलर काढून चेन उभ्या सायकलीवर मापून घट्ट बसवली, तर पहिल्या मोठ्या उडीवर सस्पेन्शनला दबायला चेनच आडवी येते. मग जे सर्वांत कच्चे असेल ते जाते : चेन तुटते किंवा हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आतले, चाकाला पुढे ढकलणारे पंजे निखळतात. चालवणाऱ्याचे सगळे वजन त्या क्षणी पेडलवर असते. एका दुकानात अशाच घट्ट चेनची डाउनहिल सायकल ‘तयार’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती दिलेली मी पाहिली आहे.

यावर उपाय स्प्रिंगच्या टेन्शनरचा, म्हणजे ढिली चेन ओढून धरणाऱ्या हाताचा. तो हँगरच्याच भोकात बसतो. एका चाकीचा टेन्शनर थोडीच चेन गोळा करू शकतो, म्हणून लांब दबणाऱ्या सस्पेन्शनला दोन चाक्यांचा घ्यावा. खर्च टाळायचा असेल तर आखूड हाताचा जुना डिरेलर हेच काम करतो. त्याचे दोन्ही मर्यादा-स्क्रू आणि केबलचा छोटा तुकडा यांनी तो एका चकतीच्या रेषेत बांधून टाकायचा. मागच्या बाजूला खाली लोंबणारी वस्तू त्यात राहते खरी, पण ती लांब हाताच्या डिरेलरपेक्षा पुष्कळ वर असते. ज्या थोड्या फ्रेममध्ये खुंटी पेडलच्या आसाभोवतीच असते, तिथे अंतर बदलत नाही. इतर सर्व फ्रेमना, वरच्या बाजूला जास्तीची चाकी असलेल्या नव्या उंच खुंटीच्या फ्रेमनाही, टेन्शनर लागतोच.

चेन कापण्याची रीत हा या कामाचा प्राण आहे. मागच्या शॉकमधली (सस्पेन्शनच्या दट्ट्यातली) हवा काढावी, कॉइलचा शॉक असेल तर स्प्रिंग उतरवावी, आणि चाक वर उचलून सस्पेन्शन शेवटपर्यंत दाबावे. अंतर कुठे सर्वांत जास्त होते ते मापपट्टीने पाहावे, कारण प्रत्येक फ्रेममध्ये ते अगदी शेवटीच होते असे नाही. त्या स्थितीत चेन पुढच्या चेनरिंगवरून (पेडलजवळच्या दातेरी चकतीवरून), मागच्या चकतीवरून आणि टेन्शनरमधून ओवावी आणि टेन्शनरच्या हाताला आणखी थोडे सरकायला जागा उरेल एवढी लांब ठेवून मगच कापावी. नंतर चाक खाली सोडून ढिली झालेली चेन टेन्शनर पूर्ण ओढून घेतो की नाही हे तपासावे. चेनची लांबी एका वेळी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटरने बदलते. म्हणून घाईत कड्यांची एक जोडी कमी करण्यापेक्षा एक जास्त ठेवणे केव्हाही बरे.

मागच्या बाजूला कॅसेटच्या जागी एक चकती आणि स्पेसर (मधली जागा भरणाऱ्या कड्या) येतात. मोडीत काढलेल्या कॅसेटमधले स्पेसरही चालतात. चकती मात्र रुंद बुडाची घ्यावी, कारण पातळ पोलादी चकती अॅल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये (हबच्या ज्या भागावर चकती बसते त्यात) खोबण्या पाडत जाते. कॅसेटमधली सुटी चकती वापरू नये. तिचे काही दाते चेन शेजारच्या चकतीवर चढावी म्हणून मुद्दाम छाटलेले असतात आणि खडकावर तिच्यावरून चेन निसटते. पुढच्या चेनरिंगला लांब पट्टी टेकवून मागची चकती त्याच रेषेत येईपर्यंत स्पेसर पुढे-मागे करावेत आणि चकती जागेवर धरणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळावी. रेषा सरळ असेल तर आठ गिअरची साधी, स्वस्त चेन उत्तम चालते. चेनरिंगवरून चेन उतरू न देणारा चेन गाइड काढू नये.

गिअर निवडताना पुढची चेनरिंग बदलण्याचा मोह टाळावा. सस्पेन्शनचे वागणे चेनच्या ओढीवर अवलंबून असते आणि फ्रेम विशिष्ट आकाराची चेनरिंग गृहीत धरून आखलेली असते. बदल मागे करावा. जुन्या २६ इंची चाकांवर, ३६ दात्यांच्या चेनरिंगला मागे १६ दाते लावले तर पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्यांत वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर होतो, १८ लावले तर सुमारे २२. आपल्या वाटांवर मी १८ सुचवेन. त्याहून जास्त वेगात पेडल मारण्यापेक्षा अंग आणि ब्रेक सांभाळणे महत्त्वाचे असते. मागची चकती कोणतीही घेतली तरी फ्रीहब मोकळा फिरणारा हवा. थांबता न येणाऱ्या पेडलची सायकल खडकाळ उतारावर कोणीही नेऊ नये.

घोडबंदर रोडने रोज कामावर जाणाऱ्याने किंवा खारघरचा चढ पेडल मारतच चढू इच्छिणाऱ्याने हा बदल करू नये. सोळा-सतरा किलोची सायकल एका गिअरवर चढवताना गुडघ्यांवर ताण येतो. येऊरच्या वनक्षेत्राबद्दलही एक सांगायला हवे : ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. कोणत्याही गिअरची सायकल असली तरी वन विभागाची मनाई असलेल्या पायवाटांवर ती नेऊ नये.

ठाणे आणि नवी मुंबईतील सायकल दुकानदारांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे, की त्यांनी रुंद बुडाच्या १६ ते २० दात्यांच्या चकत्या, स्पेसर आणि दोन चाक्यांचे टेन्शनर दुकानात ठेवावेत. डाउनहिल सायकलची चेन कापण्यापूर्वी शॉक मोकळा करून माप घेण्याची सवय त्यांनी आपल्या कारागिरांना लावावी. शॉक मोकळा करायला आणि माप घ्यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही, आणि त्याची मजुरी गिऱ्हाइकाने आनंदाने द्यावी.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई