ताई, ब्रुजच्या त्या शनिवारासाठी मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

स्टेशनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं खरं, पण ट्रेन सुटायची घाई आणि ११ मुलांचा कलकलाट, त्यात धड काही बोलताच आलं नाही. म्हणून आज लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण आमच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या बाकीच्या आईबाबांनाही कळायला हवं की तुम्ही पोरांसाठी काय केलंत.

बेल्जियममधल्या ब्रुजच्या म्युझियममध्ये मुलांना चित्रं दाखवाल का, असं विचारायला मी फोन केला तेव्हा मला वाटलं होतं अर्धा तास याल, थोडी माहिती सांगाल. तुम्ही म्हणालात "मला पंधरा दिवस द्या, आणि चित्रं फक्त दोनच बघायची". खरं सांगते, मला जरा टेन्शनच आलं होतं, एवढ्या लांब ब्रसेल्सहून यायचं आणि दोनच चित्रं? मागच्या वर्षी एका म्युझियममध्ये मुलांच्या कानाला ऑडिओ गाइड लावून चाळीस मिनिटांत सगळ्या खोल्या फिरवल्या होत्या, घरी आल्यावर एकालाही एक चित्र सांगता येईना, तरी माझ्या डोक्यात तेच बसलेलं की जास्त दाखवलं म्हणजे जास्त शिकवलं.

ख्रूनिंगे म्युझियममधल्या त्या मोठ्या चित्रासमोर तुम्ही सगळ्यांना खाली बसवलंत आणि ते काढणारा चित्रकार यान व्हान आयक कोण, कधीचा, काही म्हणजे काहीच सांगितलं नाहीत. पाच मिनिटं नुसतं बघा म्हणालात, मग प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची. कुणाला बाळ येशूच्या हातातला हिरवा पोपट दिसला, कुणाला गालिचा, आणि सगळ्यात छोटा ओरडला "त्या आजोबांच्या हातात चष्मा आहे!" ते आजोबा म्हणजे चर्चचे कॅनन (तिथले एक धर्माधिकारी) योरिस व्हान डर पाले, चित्र १४३६ साली पूर्ण झालेलं, आणि तेव्हा चष्मा होता हेच मुलांना खरं वाटेना. मग तुम्ही त्यांना कॅननचा चेहरा बघायला लावलात, सुरकुत्या, कानशिलावरची फुगलेली शीर, आणि सांगितलंत की ती शीर बघून हल्लीच्या डॉक्टरांनी त्यांना काय आजार असेल यावर लेख लिहिलेत. माझी लेक डॉक्टर व्हायचं म्हणते, ती तिथून हलेचना. आणि शेवटी म्हणालात, "कॅननच्या शेजारी चिलखत घातलेला संत आहे ना, त्या सेंट जॉर्जच्या पाठीवरच्या ढालीत नीट शोधा". ढालीच्या चकाकीत उभा असलेला तो एवढुसा माणूस दिसला तेव्हा सगळे एकदम उठून उभे राहिले, आणि तो बहुतेक चित्रकार स्वतःच आहे असं मानतात म्हटल्यावर मगच, तेव्हा कुठे तुम्ही त्याचं नाव सांगितलंत. नाव शेवटी सांगायचं हे मला कधी सुचलंच नसतं.

दुसरं चित्र त्याच्या बायकोचं, मार्गारेटचं. त्या फ्रेमवरचं लॅटिन तुम्ही मराठीत वाचून दाखवलंत, माझ्या नवऱ्याने मला १७ जून १४३९ ला पूर्ण केलं, माझं वय ३३, म्हणजे चित्रच आपल्याशी बोलतंय! आणि त्याच फ्रेमवर त्याचं ते "आल्स इख कान", म्हणजे "मला जमेल तसं", ज्यात त्याचं आडनावही लपलंय. त्या दिवसापासून आमच्या घरी प्रत्येक चित्राखाली "जमेल तसं" लिहिलं जातंय.

नंतर तुमच्या घरचा तो प्रयोग. लाल जिलेटिनचा कागद पांढऱ्या कागदावर एकदा, दोनदा, तीनदा ठेवून दाखवलात, रंग तोच पण दर थराला खोल होत जातो आणि खालचा पांढरा आतून उजळतो, तसेच तेलात कालवलेल्या रंगाचे पातळ थर यान ओक लाकडाच्या फळीवर खडूच्या पांढऱ्या लेपावर द्यायचा. आणि ते तेल जवसाचं! आजी पाठवते त्या चटणीतलं जवस, त्याच झाडाच्या धाग्याचं लिनन कापड इथे फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या याच भागात विणायचे, हे ऐकून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. अंड्यात कालवलेला रंग बघता बघता सुकतो, तेलाला दिवस लागतात, म्हणून त्याला हळूहळू छटा मिसळत बसता यायचं. तैलरंग त्यानेच शोधला असं मी शाळेपासून ऐकत आलेले, तुम्ही सरळ सांगितलंत की तेलाचे रंग त्याच्या कितीतरी आधीपासून होते, त्याने ते वापरले कसे ते बघा. मुलांना सोपी गोष्ट न सांगता खरी सांगितलीत याचं मला फार वाटलं.

आणि पोर्तुगालची गोष्ट! बर्गंडीचा ड्यूक फिलिप, म्हणजे यान ज्याच्या दरबारी चित्रकार होता तो इथला राज्यकर्ता, त्याच्यासाठी १४२८ मध्ये स्थळ बघायला जी मंडळी गेली त्यात यानही, राजकन्या इसाबेलाची दोन चित्रं काढली, एक समुद्रमार्गे आणि एक जमिनीवरून पाठवलं, म्हणजे एक हरवलं तरी दुसरं पोचेल. लग्न झालं, पण आज ती दोन्ही चित्रं शिल्लक नाहीत. मुलांनी तर ती शोधायचीच असं ठरवलंय.

संध्याकाळी बुर्ख चौकात तुम्ही थांबलात आणि म्हणालात, इथे सेंट डोनेशियनचं चर्च होतं, कॅननचं चित्र इथलंच, १४४१ मध्ये यानला पुरलं तेही इथेच, आणि १७९९ मध्ये ते चर्च पाडलं. तेव्हा आमचा सगळ्यात मस्तीखोर मुलगा, ज्याला मी दिवसभर गप्प बस गप्प बस म्हणत होते, तो मार्गारेटचं स्वतः काढलेलं चित्र वहीतून काढून बराच वेळ हातात धरून उभा होता. त्याच्या आईने मला रात्री मेसेज केला की तो घरी येऊन एक तास चित्र काढत बसला, असं आधी कधी झालं नव्हतं.

आता सगळ्यांना गेंटला जायचंय, यान आणि त्याच्या भावाचं ते मोठं आल्टारपीस, म्हणजे चर्चच्या वेदीवरचं अनेक फळ्यांचं चित्र बघायला, आणि त्यातलं १९३४ साली चोरीला गेलेलं आणि अजून न सापडलेलं पॅनल कुणी नेलं असेल यावर आत्तापासूनच भांडणं चालू आहेत. तुम्ही याल ना? कुठला शनिवार जमेल तेवढं कळवा. येताना आईने पाठवलेली जवसाची चटणी घेऊन येते, मोठी बरणी आहे.

तुमची,
रविवारच्या वर्गातली एक आई