मेस्त्री, पद्मिनीचा पत्रा शाबूत आहे

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेत नाही, आणि तोंडावर आभार मानले की लगेच पावसापाण्याचा विषय काढता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. बाबांच्या जुन्या पद्मिनी गाडीने पावसाळा काढला, आणि झालेल्या कामावर कुठेही गंज नाही.

"पुरी कधी करतलंस?" हा तुमचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, नोकरी पुण्यात, सुट्टी मिळेल तसा येणार, वर्षं लागतील. तिथेच तुम्ही बेत ठरवलात. आधी सगळा रंग खरवडून गाडी उघडी करायची, मग डेंटिंग, ही पद्धत काम सलग उरकणाऱ्याला ठीक. वेंगुर्ल्यात घासलेला पत्रा रात्रीतून तांबूस होऊ शकतो. हवेतलं मीठ त्यावर बसतं, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पाऊस नको की दव नको. म्हणून तुमचा नियम: एका वेळी एकच भाग, आणि सकाळी उघडलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या अस्तराच्या रंगाखाली.

त्यातही वेळ वाऱ्यावर. दव वाळल्यापासून मतलई, म्हणजे जमिनीकडचा, वारा पडेपर्यंत घासायचं. समुद्राकडून वारा सुटला की तुमची हाक यायची, "झिला, वारो फिरलो. आता नवो पत्रो उघडू नको." जन्मभर बंदरावरचे ट्रॉलर रंगवलेल्या माणसाचं हे पंचांग कुठल्या डब्यावर छापलेलं नसतं.

डब्यावर जे छापलेलं असतं ते मात्र तुम्ही अक्षरशः पाळता. हार्डनर मापानेच, अंदाजपंचे नाही. मी आणलेला रेड ऑक्साइड तुम्ही खिडकीच्या गजांना लावायला सांगितलात. गाडीवर तो नुसताच राहिला तर ओल आत झिरपते, म्हणालात. गंज खाणारं ॲसिडही जपूनच. ते नीट धुतलं नाही तर वर प्रायमर धरत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते धुणं. गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ दडून बसतं आणि थिनरने ते विरघळत नाही, त्याला गोडं पाणीच लागतं. विहिरीचं पाणी गरम करून ब्रशने घासायचं, लगेच ब्लोअरने सुकवायचं, मग तेलकटपणासाठी थिनर. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, घामातही मीठच. माझ्या चुलतभावाला तुम्ही हे अशा आवाजात सांगितलंत, की तो अजून शेडमध्ये हातमोजे घालूनच शिरतो.

शेजारी सांगत होते, जळकं ऑइल मारून ठेवा. बिजागऱ्या, नट-बोल्ट इथे तुम्ही ते चालवून घेतलंत. जिथे वेल्डिंग आणि रंग बाकी आहे, तिथे साफ नाही: सांध्यांत गेलेलं तेल पुढे रंगाखालून वर येतं. ताडपत्रीही काढायला लावलीत, तिच्या आत घाम धरतो म्हणून. गाडी चिऱ्यांवर उचलून घेतली आहे, वर आईच्या जुन्या सुती चादरी.

आता डिकीचं झाकण आणि मागचे दोन दरवाजे उरलेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की येतो. प्रायमर मी आणेन, पण या खेपेला मजुरी घेतल्याशिवाय तुम्हाला पॉलिश पेपर हातात देणार नाही.

तुमचा,
पद्मिनीवाला