'वॉटरप्रूफ' स्नोबोर्डिंग पँट शिवणीतून गळते : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष स्नोबोर्डिंग पँट, अपुरा मापाचा तक्ता आणि पैसे परत करण्यास दिलेला नकार.

महोदय,

माझी मुलगी जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला गेली. तिच्यासाठी डिसेंबरमध्ये तुमच्या संकेतस्थळावरून ६,४९९ रुपयांची पँट मागवली होती. आम्ही कोल्हापूरची माणसं. गगनबावड्याचा पाऊस आम्हाला ठाऊक आहे, बर्फ नाही. म्हणून '१०,००० मिलिमीटर, पूर्ण वॉटरप्रूफ, उबदार' या तुमच्या शब्दांवरच विसंबलो.

पहिल्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला : "आई, मागून सगळी भिजले." स्कीवाले उभ्या उभ्या बूट अडकवतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे असतात, त्यामुळे नवशिक्या पोरांना ते दर वेळी बर्फात बसूनच करावं लागतं. पडतातही ती बहुतेक गुडघ्यांवर, नाहीतर बुडावर. पँट टिकायला हवी ती नेमकी तिथेच. आतलं अस्तर एकदा भिजल्यावर ऊब कुठली राहणार? शून्याखालच्या थंडीत माझं पोर दिवसभर ओल्या कपड्यात कुडकुडत होतं. दुसऱ्या दिवशी तिने तिथेच भाड्याने पँट घेतली, त्याचे पैसे वेगळे गेले.

ती परत आल्यावर पँट राजारामपुरीतल्या आमच्या शिंप्यांकडे नेली. त्यांनी ती उलटी करून दाखवली. चेन आणि खिशांच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे, सीटच्या मधल्या शिवणीवर मात्र काहीच नाही. घरी येऊन मी सीटचा भाग बादलीवर ताणून धरला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. कापडावर पाणी तसंच थांबलं. शिवणीतून मिनिटाभरात ठिपकायला लागलं. त्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. १०,००० मिलिमीटर हा आकडा कापड पाण्याचा किती दाब सोसतं एवढंच सांगतो. सुईने पाडलेल्या भोकांना तो लागू नाही. सगळ्या शिवणी बंद नसतील तर 'पूर्ण' हा शब्द तुम्ही वापरायलाच नको होता.

मापाचंही तेच. तुमच्या तक्त्यात फक्त कंबर आणि लांबी आहे. ती कंबर अंगाची की पँटची, याचा उल्लेख नाही. सीटचं माप तर कुठेच नाही. मुलीची सीट ३९ इंच, पँटची मोजली तर ४०. आत थर्मल घातल्यावर या एका इंचात वाकायचं कसं आणि बसायचं कसं? ती बसली की कंबर मागून खाली सरकायची आणि बर्फ आत जायचा. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर 'एक साइज मोठी घ्यायची होती' असं सांगितलं. पण कंबर आवळायला ना पट्टी दिली आहे ना इलॅस्टिक. मोठी पँट कमरेवर राहिली कशी असती?

'सात दिवस उलटले, माल वापरलेला आहे' म्हणून तुम्ही परतावा नाकारलात. हा दोष बर्फात बसल्याशिवाय कळणार नव्हता, आणि कोल्हापुरात बर्फ पडत नाही.

माझ्या मागण्या अशा : पँटचे पूर्ण पैसे आणि भाड्याची रक्कम परत द्यावी. संकेतस्थळावर कोणत्या शिवणी बंद आहेत ते स्पष्ट लिहावं आणि तक्त्यात सीटचं माप घालावं. ही शेवटची मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण इथून तिकडे जाणारी पुढची मुलंही तुमचा तक्ता वाचूनच पँट घेणार आहेत.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी इथे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत : बिल, भाड्याची पावती, शिवणीचे फोटो, व्हिडिओ.

आपली,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर