परभणीच्या ताईंना, जिंतूरहून

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई.

गेल्या रविवारी पहाटे चारच्या सुमाराला माझा फोन वाजला. आमच्या वयात त्या वेळी फोन वाजला की आधी गावाकडचं कोणीतरी डोळ्यांपुढं येतं. चष्मा हाताला लागेपर्यंत मी मनातल्या मनात दोन म्हाताऱ्या नातेवाइकांना पोचवून आलो होतो. बघतो तर टेलिग्रामचा मेसेज, आपल्या ग्रंथालयातल्या संगणकाचा:

"काका, घाबरू नका. मशीन बंद करू नका. आधी बाहेरच्या डिस्कवरची कॉपी कालची आहे का बघा, मग मला फोन करा. वेळ बघू नका."

त्याच्या खाली इंग्रजीची एक ओळ होती. तिचा अर्थ मला आता कळतो: डिस्कवरच्या 8 जागा वाचता येत नाहीत.

हे पत्र त्या रविवारमुळं लिहितोय. आभार खरं तर मागच्या वर्षीच मानायला पाहिजे होते, पण तेव्हा ग्रंथालयाचा संगणक बिघडलेला आणि मी जरा वैतागलेलाच होतो. कारण तुमच्या आधी तिघांना दाखवून झालं होतं.

पहिल्यानं संगणक चालू केला आणि कपाळाला हात लावला. "कामून ते लिनक्स टाकून बसलात काका? ते हॅकर लोकांचं असतंय." आम्ही कोहावर, म्हणजे ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर, पुस्तकांची देवघेव करतो, ते फुकट मिळतं आणि विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं, हे त्याला सांगून काही उपयोग झाला नाही. दुसऱ्यानं रॅम काढली, शाळकरी पोराच्या खोडरबरानं घासली, परत बसवली आणि 500 रुपये घेतले. तिसरं दुकान मोठ्या शहरातलं, काचेच्या दाराचं. तिथं त्यांनी डिस्कची तपासणी केली, पडद्यावर 'पास्ड' आलेलं मला दाखवलं आणि म्हणाले, "टकाटक आहे." अकराव्या दिवशी डिस्कमधून घड्याळासारखा टक् टक् आवाज यायला लागला. परत त्यांच्याकडं नेली तर डेटा काढून द्यायचा जो आकडा सांगितला, तेवढ्याची पुस्तकं आम्ही वर्षभरात घेत नाही. वर गॅरंटी नाही. मी पासची आठवण करून दिली तर मालक हसून म्हणाला, "काका, डिस्क काय सांगून जाते का?"

ती सांगत होती ताई. ऐकायलाच कोणी नव्हतं.

तुम्ही परभणीहून एसटीनं आलात, पाठीवर सॅक आणि हातात केबलची पिशवी. पहिला प्रश्न विचारलात, "बॅकअप आहे का?" मी अभिमानानं हो म्हणालो. "कुठंय?" म्हणून विचारलंत. त्याच डिस्कवर होता, शेजारच्या फोल्डरमध्ये. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि कामाला लागलात. ते "बरं" मला अजून आठवतं.

त्या डिस्कवर एकोणीस हजार पुस्तकांच्या दाखल नोंदी होत्या. त्या पुन्हा करता आल्या असत्या, रडतखडत का होईना. पण 1947-48 सालची पत्रकं होती, उर्दूतली आणि मराठीतली, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीतली. एका जुन्या घरानं पेटीभर आणून दिली होती. आम्ही ती स्कॅन केली आणि पेटी कपाटावर ठेवली. पावसाळ्यानंतर उघडली तर आत वाळवी. म्हणजे ती पत्रकं जगात उरली होती ती त्या टक् टक् करणाऱ्या डब्यात. समितीला हे सांगायचं धाडस मी केलेलं नव्हतं.

दोन रात्री तुमचं कॉपीचं काम चाललं. ते कसं करतात ते मला धड सांगता येणार नाही. एवढं कळलं की जे सहज वाचता येतं ते आधी काढून घ्यायचं आणि खराब जागांकडं मागून वळायचं. तिथंच अडून बसलं तर डिस्क आहे तेही देत नाही. शेवटी सदतीस पानं सोडून सगळं आलं.

मग मी तुम्हाला त्या 'पास्ड'बद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात, "काका, मध्यंतरी आठवीपर्यंत सगळेच पास होत होते ना, तसं आहे ते." कंपनीनं ठरवलेली हद्द ओलांडली तरच डिस्क स्वतःला नापास म्हणते, पण त्याच्या कितीतरी आधी आतले आकडे हलायला लागतात. त्यातला 197 नंबरचा आकडा तुम्ही मला पाठ करून घेतला: वाचता न येणाऱ्या, निकालाची वाट बघत पडलेल्या जागा. तो शून्य पाहिजे. आणि हे आकडे दर अर्ध्या तासानं बघणारा एक छोटा प्रोग्रॅम लिनक्समध्ये असतो, स्मार्टडी नावाचा, तोही फुकटातला. म्हणजे राखणदार दारातच होता. त्याला कोणाला हाक मारायची तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही खोटा धीरही दिला नाहीत. गूगलच्या लोकांनी 2007 साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या महत्त्वाच्या चारही आकड्यांत काहीच दिसलं नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणून सूचना येवो न येवो, रोजची कॉपी चुकवायची नाही. विकणारा माणूस असं सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळं जोडून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "काका, मेल रोज बघता का?" मी म्हणालो, अनुदानाचं पत्र यायचं असलं की बघतो. तुम्ही हसलात आणि सूचना फोनवर येईल असं केलंत. नंतर मुद्दाम खोटी सूचना पाठवून बघितली. फोन वाजला, मी वाचलं, आणि माझं तोंड उतरलं. सगळं इंग्रजी, तेही मशीनचं इंग्रजी. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, काही बोलला नाहीत, परत खुर्ची ओढून बसलात. पाचची एसटी होती तुमची. पावणेपाच वाजले होते. तुम्ही बसून मराठीत चार ओळी टाइप केल्या, एकदा खोडल्या, परत लिहिल्या, आणि वर "काका, घाबरू नका" घातलंत. पाचची गाडी गेली. साडेसहाला मिळाली ती दारात उभं राहून जायची.

एवढं करायची काही गरज नव्हती. काम झालेलं होतं. पण सूचना येईल तेव्हा मशीनपुढं कोण असेल, त्याचं काय होईल, हा विचार त्या तिघांपैकी एकालाही सुचला नसता.

रविवारी मी कॉपी बघितली, शनिवारची निघाली, आणि सहा वाजेपर्यंत अंगणात येरझाऱ्या घातल्या. बाईमाणसाला पहाटे चारला कसा फोन लावायचा! सहाला लावला तर तुम्ही रागावलात: "काका, लिहिलं होतं ना वेळ बघू नका म्हणून?" मागच्या वर्षी बसवलेली नवी डिस्क वॉरंटीत होती, बदलून मिळाली. या वेळी एक पानही गेलं नाही. समितीला आता वाळवीची आणि डिस्कची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. अध्यक्ष म्हणाले, यूपीएस पण घ्या. जवळच येलदरीच्या धरणावर वीज तयार होते आणि मे महिन्यात आम्ही जिंतुरात इन्व्हर्टरकडं बघत बसतो, तेव्हा त्यांचंही बरोबरच आहे.

माणूस पैशानं काम करतो, यात वाईट काही नाही. तुम्ही एसटीच्या तिकिटापलीकडं काही घेतलं नाहीत म्हणून हे लिहीत नाही. खोडरबरवाल्यानं 500 घेतले त्याचंही काही नाही, पण निदान माझ्याशी माणसासारखं बोलून घ्यायचे होते. न येणाऱ्या माणसाला त्याचं न येणं जाणवू न देता शिकवायचं, हे आमच्या काळात चांगल्या मास्तरांना जमायचं.

एक राहिलंच. डेटा परत आल्यावर देवघेव चालते का ते बघायला तुम्ही स्वतः वर्गणी भरून सभासद झालात आणि एक कादंबरी नावावर घेतलीत. त्याला आता वर्ष होत आलं. कोहा दर आठवड्याला तुमच्या नावानं थकीतची सूचना काढतं. तेवढी एक सूचना मी बंद करून ठेवली आहे. वाचून झालं की आणून द्या, सवडीनं.

आपला,
देवघेव टेबलावरचा काका