माटुंग्याच्या मामींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मामी,

सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या महिला विभागात गेल्या महिन्यात पार्श्वगायिका वाणी जयराम यांच्या गायनावर मी जे दीड तास बोलले, त्याचे कौतुक पुष्कळांनी माझ्यापाशी केले. त्यातला मोठा वाटा आपला आहे, हे त्या संध्याकाळी गडबडीत सांगायचे राहून गेले, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे.

आपल्याकडे आले तेव्हा माझ्या टिपणात होत्या त्या फक्त आम्हा मराठी माणसांना ठाऊक असलेल्या वाणीबाई: वेल्लोरला जन्मलेल्या, लग्नानंतर मुंबईत येऊन बँकेत नोकरी करणाऱ्या, उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या, वसंत देसाईंनी 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या' गायला बोलावलेल्या आणि १९७१ च्या 'गुड्डी'तील 'बोले रे पपीहरा'मुळे देशभर पोहोचलेल्या. त्यापुढे 'नंतर त्या मद्रासला परत गेल्या' एवढे एकच वाक्य होते. ते वाचून आपण चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, "परत गेल्या म्हणजे काय? आमच्याकडे तर तिथूनच सुरुवात!"

पुढच्या सहा दुपारी आपण ती तमिळ गाण्यांची सुरुवात मला ऐकवलीत. 'दीर्घ सुमंगली' चित्रपटातील (१९७४) गाण्यात 'मल्लिगै' म्हणजे मोगरा, हे मला शब्दकोशातही सापडले असते. पण नवऱ्याला 'मन्नन', म्हणजे राजा, म्हणणाऱ्या बाईचा लाडिकपणा त्या आवाजात किती मोजून, जराही सांडू न देता आलेला आहे, हे आपण एकेक ओळ थांबवून दाखवलेत. संगीतकार इलैयाराजांच्या 'मुळ्ळुम मलरुम'मधील (१९७८) 'नित्तम नित्तम'चा अर्थ सांगताना तर, आपण स्वतः कांदाही जपून खाणाऱ्या असूनही, काल करून ठेवलेल्या माशाच्या कालवणाचे वर्णन इतक्या चवीने केलेत की मला हसू आवरेना. मीरेची भजने गाणारा गळा हेही तितक्याच मोकळेपणी गातो, हे मला तोवर माहीत नव्हते.

सर्वांत जास्त वेळ आपण तमिळमधल्या 'ऴ' या एका अक्षरावर घालवलात. 'अपूर्व रागंगळ'मधील (१९७५) एम. एस. विश्वनाथन यांच्या ज्या रचनेने वाणीबाईंना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (पुढचे दोन 'शंकराभरणम' आणि 'स्वाती किरणम' या तेलुगू चित्रपटांसाठी), ती 'एऴु स्वरंगळुक्कुळ्' अशी सुरू होते, आणि मी 'ऴ' आणि 'ळ' अशा दोन्ही ठिकाणी आपला मराठी 'ळ' ठोकून देत होते. जीभ मागे वळवायची, पण टाळूला लागू द्यायची नाही, हे आपण न कंटाळता सांगत राहिलात. मग तेच गाणे लावून म्हणालात, "आता त्या कशा म्हणतात ते ऐक." इतक्या भाषांत गाऊनही कुठेच परक्या वाटू नयेत यामागे केवढी मेहनत असेल, याचा अंदाज मला त्या एका अक्षरावरून आला.

जानेवारी २०२३ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले आणि ४ फेब्रुवारीला चेन्नईत त्यांचे निधन झाले, याविषयी आपण फारसे बोलला नाहीत. फक्त कॅसेटची बाजू बदललीत.

आपण देवनागरीत गाणी उतरवून दिलेली वही सोबत परत पाठवत आहे. शेवटची चार पाने कोरी आहेत. रविवारी दुपारी आले तर चालेल का? 'ऴ' अजून जमलेला नाही.

आपली नम्र,
तळमजल्यावरची शेजारीण