ईस्ट लंडनपर्यंत आसरा नाही

डर्बन

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर राहून गेले याची बोच आहे; परंतु आज जे लिहितो आहे, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही. प्रकृती ठीक, गुडघा जुनाच.

आमची शिडाची नौका केप टाउनला न्यायची आहे, म्हणजे सुमारे ८०० सागरी मैल. सगळे केप ऑफ गुड होपची धास्ती घेतात. मला काळजी आहे ती त्याच्या कितीतरी अलीकडच्या, डर्बन ते ईस्ट लंडन या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अडीचशे मैलांची, कारण तेवढ्या अंतरात आत शिरावे असे एकही भरवशाचे बंदर नाही. अगुल्हास हा येथला सागरी प्रवाह २०० मीटर खोलीच्या रेषेलगत नैऋत्येकडे धावतो, कधी कधी चार-पाच नॉट, म्हणजे तासाला तितकेच सागरी मैल, या वेगाने. ईशान्येचा वारा असेल तर तोच प्रवाह आपल्याला हातोहात पुढे नेतो. वारा फिरून नैऋत्येचा झाला की मात्र दोघे समोरासमोर भिडतात, लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि त्यांच्या पुढ्यात खोल खड्डा पडतो. १९०९ च्या जुलैमध्ये डर्बनहून निघालेले ‘वाराटा’ हे जहाज २११ माणसांसह याच वाटेवर नाहीसे झाले.

येथील जाणते खलाशी सांगतात की नैऋत्येने गाठलेच, तर किनाऱ्याकडे वळावे आणि २०० मीटरच्या रेषेच्या आत, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे राहावे. अण्णांनी जयगडला आपल्याला नेमके उलट शिकवले होते, की तुफानात जमिनीपासून दूर जा. देवगडच्या त्या रात्री यावरूनच आपण भांडलो होतो. कोकणात अण्णाच खरे, हे मी आजही म्हणेन. येथे मात्र तुझेच म्हणणे लागू पडते, की पाणी पाहून नियम ठरवावा. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

खरा प्रश्न निघण्याच्या वेळेचा आहे. नैऋत्येचा जोर ओसरत असताना, बॅरोमीटर चढून स्थिरावला की दोर सोडायचे. पुढे दाब उतरू लागला की ईशान्येचा वारा धरतो आणि दाब तळाला गेला की पुन्हा नैऋत्येची गाठ. येथल्या उन्हाळ्यातही हे चक्र थोड्याच दिवसांनी फिरून येते. प्रवाह चांगला मिळाला तरी ईस्ट लंडनला दीड दिवस लागेल, म्हणून पुरत्या दोन दिवसांची उघडीप दिसल्याशिवाय निघायचे नाही, असे माझे ठाम मत आहे. माझ्यासोबत येणाऱ्या अण्णांच्या नातवाने मात्र परतीचे विमान ठरवून टाकले आहे आणि तो छत्तीस तासांच्या उघडिपीवरही निघू म्हणतो. मुलगा धीट आहे, सुकाणूवर हात उत्तम आहे, पण या किनाऱ्यावर वाट पाहणे हाच नौकानयनाचा निम्मा भाग आहे, हे त्याला पटत नाही. त्याच्या आईला मी काय शब्द दिला आहे, ते तुला ठाऊक आहे.

ईस्ट लंडनच्या पुढे पोर्ट एलिझाबेथ, मोसेल बे असे थांबे आहेत. अगुल्हासच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकालाही चांगली हवा धरूनच वळसा घालू. त्याची मला एवढी चिंता नाही.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? धाकटीचा निकाल कळव. घराचे काम पुरे झाले असेलच.

अण्णांचा नातू माझे ऐकत नाही, तुझे ऐकतो. पत्र मिळताच त्याला फोन कर आणि तिकीट बदलायला सांग.

तुझा,
सदा